हद्दीतले चाचा

“हद्दीत हाय का?”

कोणतंही काम सांगा, चाचांचा पहिला प्रश्न हाच. गादी पिंजायची आहे म्हणा, लग्नाचं आवतण द्या, नाहीतर कुणी लांबच्या गावी वारलं म्हणून सांगा. खांद्यावरची कापूस पिंजायची धनुकली भिंतीला टेकवून ते आधी विचारायचे, “हद्दीत हाय का?” आणि उत्तर येईपर्यंत भुवईत अडकलेला कापूस चिमटीनं काढत उभे राहायचे. त्या कापसामुळे चाळिशीतला हा माणूस पहिल्या भेटीत साठीचा वाटायचा. मलाही वाटला होता.

परतुरात हा प्रश्न थट्टेचा झाला होता. मोंढ्याच्या बाजारात कुणी फार मोठ्या गप्पा मारायला लागला की दुसरा हळूच विचारायचा, “हद्दीत हाय का?” आणि सगळे हसायचे. चाचाही हसायचे. आपलीच चेष्टा चालली आहे हे कळूनही मोकळं हसणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. ती माणसं लबाड तरी असतात, नाहीतर फार थकलेली असतात. चाचा लबाड नव्हते.

हद्द म्हणजे परतूर गावाची हद्द. तिच्या पलीकडे पाऊल टाकायचं तर पोलीस ठाण्याची परवानगी लागायची, कारण चाचा कागदोपत्री पाकिस्तानी होते. जन्म परतूरचा, आई-बाप परतूरच्या कबरस्तानात, बोलणं परतूरचं, आणि देश पाकिस्तान. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्यांच्याच घरात त्यांचाच चहा पीत होतो. चहा खाली ठेवावा की संपवावा, हे क्षणभर मला सुचेना. मग संपवला.

मी परतुरात आलो तो सरकारी कापूस खरेदी केंद्रावर प्रतवारी करायला. माझं गाव केदारखेडा. घरात पगाराची नोकरी लागलेला पहिलाच मी, त्यामुळे अंगात थोडी ऐट होती. ती खोली शोधता शोधता उतरली. लोक गाव विचारायचे, मग आडनाव विचारायचे, आणि मग खोली कालच दिलेली असायची. त्या आठवड्यात परतुरातल्या बऱ्याच खोल्या ‘काल’ गेल्या. शेवटी चहावाल्यानं पिंजाऱ्याचं घर दाखवलं. चाचांनी आडनाव विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “रेडिओ हाय का तुमच्याकडं?”

“नाही.”

“मंग या. खोली बराबर हाय. पानी आलं तर थोडं आत येतं, पन लगेच जातं.”

रेडिओची अट का, ते मला पुढे समजलं. पाकिस्तानबरोबरच्या लढाईच्या आधी त्यांच्याकडे एक रेडिओ होता. त्यावर ते सिलोनची गाणी ऐकायचे. कुणीतरी ठाण्यात सांगितलं की हा माणूस तिकडचं स्टेशन लावतो. तेव्हापासून त्या घरात गाणं फक्त धनुकलीचं.

ते पाकिस्तानी कसे झाले, हे त्यांनी एकदा गादी पिंजता पिंजता सांगितलं. निजामावर पोलीस ॲक्शन झाल्यावर त्यांचे मामू कराचीला निघाले. चाचा तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचे.

“मामू म्हनले, समुंदर बघायचा का? म्या म्हनलं, बघतो. तेवढ्यासाठीच गेल्तो, साहेब.”

समुद्र पाहून झाला. तिथंही ते कापूसच पिंजत राहिले. काही वर्षांनी आई आजारी असल्याचा निरोप गेला. तोवर दोन्हीकडची दारं बंद झाली होती, आणि यायचं तर तिकडचा पासपोर्ट घेतल्याशिवाय येता येत नव्हतं. चाचांनी घेतला. त्यांच्या हिशेबानं ते तिकीट होतं. गाडीत बसेपर्यंत जपायचं, उतरलं की त्याचं काम संपलं. परतूरला उतरल्यावर ते आईच्या उशाशी बसले, कापूस पिंजायला लागले, लग्न केलं. व्हिसाची मुदत संपल्यावर ठाण्यातून माणूस आला तेव्हा चाचांनी त्याला चहा दिला आणि सांगितलं, “आता न्हाई जायचं मला. म्या पोचलो.”

पोचलो म्हणून भागत नव्हतं. तिकडचा पासपोर्ट ज्यानं घेतला, त्यानं तिकडचा देश पत्करला, असा कायद्याचा अर्थ. चाचांनी अर्ज केले, वकील केला. दरसाल राहायची मुदत वाढवून मिळायची, आणि दर आठवड्याला ठाण्यात हजेरी. “सरकार म्हनतं तू पाहुना हाय,” ते म्हणायचे. “पाहुना तर पाहुना. पाहुन्याला कोनी हाकलून देत न्हाई.”

घरात माणसं तीन. चाची हिंदुस्थानी, मुलगी रेहाना हिंदुस्थानी, आणि हे एकटे परदेशी. पिंजाऱ्याच्या घरात निम्मी दखनी आणि निम्मी मराठी चालायची, आणि भांडण झालं की चाची पूर्ण मराठीवर यायच्या. “तुमच्या देशात चालत असंल, इथं चालायचं न्हाई,” असं म्हणून त्यांनी एकदा वाटीतली साखर परत डब्यात ओतलेली मी पाहिली. चाचांनी तो अगोड चहा मुकाट्यानं प्याला आणि माझ्याकडे बघून डोळा मारला.

ठाण्यातले जमादार त्यांच्याच वयाचे. लढाईच्या दिवसांत चाचांना ठाण्यातच ठेवलं होतं, आणि त्यांची भाकरी जमादारांच्या घरून यायची, असं लोक सांगत. मी पाहिलं ते एवढंच, की हजेरीच्या दिवशी चाचा धुतलेला सदरा घालून जायचे, आणि जमादार वर न बघता विचारायचे, “आला का रे पाकिस्तान?”

“आलो, साहेब.”

“पळून जायचा इचार हाय का?”

“कुठं जाऊ? हद्दीत जागाच न्हाई.”

ठाण्यातल्या सगळ्या गाद्या त्यांनी पिंजलेल्या होत्या. मी म्हणायचो, चाचा, परतूरचे पोलीस सुस्त का, ते आता मला समजलं.

रेहानाचं लग्न अंतरवाली सराटीला ठरलं. तेव्हा जालना जिल्हा व्हायचा होता. परतूर परभणी जिल्ह्यात आणि अंतरवाली औरंगाबाद जिल्ह्यात. नकाशावर बघितलं तर जवळ, पण चाचांना मधे दोन कलेक्टर पार करावे लागणार होते. म्हणून साखरपुडा, लग्न, सगळं परतुरातच झालं. व्याही भला माणूस, हे आधीच सांगून ठेवतो. तेही पिंजारीच, थोडी कोरडवाहू जमीन, बोलणं कमी. “तुम्हाला यायला जमत न्हाई तर आमी येऊ. त्यात काय,” असं म्हणून ते वऱ्हाड घेऊन आले होते. पाठवणीच्या वेळी चाचा टेम्पोमागे चालत हद्दीवरच्या नाल्यापर्यंत गेले आणि तिथं थांबले. टेम्पो पुढे गेला. मुलीचा बाप पाठवणीला रडतो हे आपण नेहमीच बघतो. चाचा उभ्या उभ्या खिशातून सुपारी काढून कातरत राहिले, आणि ती कुणाला दिलीही नाही.

मग वर्षाच्या मुदतीची चौकशी आली. दरसाल यायची. नातेवाईक कोण, कुठे, काय करतात. त्या वर्षी नातेवाइकांत अंतरवालीची भर पडली होती, म्हणून तिकडच्या ठाण्याचा एक शिपाई अंतरवालीत गेला, व्याह्यांच्या ओट्यावर बसला, पाणी प्याला, चार प्रश्न विचारले आणि सायकलवर बसून गेला. त्यानं वावगं काहीच केलं नाही. पण लहान गावात आपल्या ओट्यावर पोलीस बसलेला दिसला की तेवढं पुरतं. चहाच्या टपरीवर रेहाना आता ‘पाकिस्तान्याची पोरगी’ झाली. ज्यांनी लग्नातलं जेवण बोटं चाटून खाल्लं होतं, त्यांनीच हे नाव ठेवलं.

रेहानाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, आणि मुलीला आणायला माहेरचा माणूस, मुराळी, गेला पाहिजे. भाऊ नाही, तेव्हा बापच जाणार. चाचांनी ठाण्यात अर्ज दिला. मी तो लिहून दिला होता आणि फार चांगला लिहिला होता, असं मला वाटत होतं. जमादारांनी तो वाचला आणि बराच वेळ टेबलावर हातानं सपाट करत राहिले.

“हे परभनीला जाईल. तिथून औरंगाबादला. तिथून अंबडला. मंग तसंच वापस.”

“किती टाईम लागंल?”

“तू दुसरं कोनी पाठव,” जमादार म्हणाले.

तरी चाचा थांबले. दर हजेरीला विचारत राहिले. घरी तयारी मात्र जोरात चालू होती. माझी खोली कोरडी राहावी म्हणून त्यांनी वरचे पत्रे बदलले, मग दोन दिवस माझ्याकडे बघून नुसते घुटमळत होते. मीच खोली बाळंतिणीसाठी मोकळी केली आणि माझी खाट ओसरीत टाकली. बाळासाठी त्यांनी एक लहानशी रजई भरली. त्यासाठी कापूस माझ्याकडूनच मागवला आणि मी आणलेला पहिला नापसंत केला. म्हणाले, “ह्याची प्रत तुमीच लावली का?” मी म्हटलं, हो. म्हणाले, “असूं द्या. सरकारला चालंल.”

परवानगी आली नाही. दिवस भरत आले. शेवटी मुराळी म्हणून मी गेलो.

तुम्ही हसाल. केदारखेड्याचा बौद्ध मुराळी, पिंजाऱ्याची लेक आणायला. मलाही एसटीत हसू येत होतं. शेजारी चाची, मांडीवर रजईचं गाठोडं, पिशवीत गुळाच्या पोळ्या. एसटी बदलून, मग थोडं पायी, असे आम्ही अंतरवालीला पोचलो. व्याह्यांनी हात धरून बसवलं. त्यांच्या बायकोनं रजई दिव्याजवळ नेऊन उलटून पालटून पाहिली आणि छातीशी धरली. रेहाना आतल्या दारात उभी होती. तिनं बोचकं बांधून ठेवलं होतं, ते दारातून मला दिसत होतं.

चहा झाला. मी विषय काढला. व्याह्यांनी रिकामी कपबशी खाली ठेवली.

“साहेब, पोरीला न्यायला माझी ना न्हाई,” ते म्हणाले. “पन लेकरू तिथं जन्मलं, आन् त्याच्याबी नावापुढं तेच लिवलं, तर?”

मी म्हटलं, असं होत नसतं. बाप हिंदुस्थानी, आई हिंदुस्थानी. आजोबाच्या घरात जन्मलं म्हणून लेकरू पाकिस्तानी होत नाही.

“तुमचे चाचा कुठं जन्मले?”

“परतूरला.”

“मंग ते कसे झाले?”

मी आतल्या दाराकडे पाहिलं.

“तुमी सरकारी मानूस हाय,” व्याही अगदी नरमाईनं म्हणाले. “लिवून देता का, की लेकराला काई होनार न्हाई म्हनून? तुमची सही असंल तर म्या आत्ता पाठवतो.”

कापसाच्या गाड्यांवर मी दिवसभर सह्या करायचो. लांब धागा, आखूड धागा, पिवळट, ओला. शेतकरी हात जोडून उभे राहायचे माझ्यापुढे. तिथं त्या ओट्यावर माझ्या सहीला काही अर्थ नव्हता, आणि ते मला आणि व्याह्यांना दोघांनाही कळत होतं. मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. आला नाही. त्यांची भीती वेड्यासारखी होती, पण ती खोटी ठरवायला माझ्याकडे काही नव्हतं. आतल्या दारात रेहाना खाली बसली आणि बोचक्याची गाठ सोडायला लागली.

परतूरच्या स्टँडवर चाचा उभे होते. आधी मी उतरलो, मग चाची. आम्ही उतरल्यावरही ते एसटीच्या दाराकडेच बघत राहिले. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी गेली, मग त्यांनी विचारलं, “रजई पसंत पडली का?”

“पडली,” चाची म्हणाल्या.

“बस.”

मुलगा झाला. अंतरवालीलाच झाला. निरोप कापसाच्या गाडीवाल्यानं आणला. चाचांनी बत्तासे घेतले आणि आधी ठाण्यात नेऊन वाटले. जमादार म्हणाले, “नातू हिंदुस्थानी झाला की रे. आता जपून ऱ्हा, तो तुला पकडून देईल.” त्या दिवशी चाचा इतके खूश होते की घरी येऊन त्यांनी चाचींना सांगितलं, लेकरू सव्वा महिन्याचं झालं की येतील घेऊन, व्याही शब्दाचे पक्के हायेत. चाचींनी उरलेले बत्तासे डब्यात भरून ठेवले. सव्वा महिना उलटला, तरी कुणी आलं नाही.

आणीबाणी उठून गेली होती. दोन्ही देशांचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं. लढाईपासून बंद पडलेली सरहद्दीवरची गाडी सुरू झाल्याची बातमी आदल्याच साली चहाच्या टपरीवर मीच चाचांना वाचून दाखवली होती. त्यांना कोण आनंद झाला. “चांगलं झालं. मामूची खबर येईल आता,” म्हणाले.

खबर वेगळीच आली. जमादार स्वतः घरी आले. टोपी काखेत, आणि ओसरीत माझ्या खाटेवर बसले. चाचांनी विचारलं, “गादी हाय का?” जमादारांनी नाही म्हणून मान हलवली. मुदत वाढवून मिळाली नव्हती. इतकी वर्षं जायला रस्ता नव्हता, म्हणून ठेवलं होतं. आता रस्ता झाला होता.

आम्ही खूप धावलो. मी, मोंढ्यातले दोन अडते, शाळेचे एक मास्तर. परभणीला गेलो, तिथून औरंगाबादला गेलो. सगळीकडे बसायला खुर्ची मिळाली. कुणी वाईट बोललं नाही. सगळे म्हणाले, वरून आहे. वर कोण, ते कुणाला माहीत नव्हतं. चाचींना सोबत जाता येईल का, असं मी विचारलं. त्यांनी आधी पासपोर्ट काढावा, मग व्हिसा मागावा, मग बघू, असं उत्तर मिळालं. चाचींना त्यांचं स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं.

आणि लोक कसे असतात बघा. जायचा दिवस ठरल्यावर गल्लीतून चार-पाच गाद्या आल्या. “जायच्या आधी उरकून टाका,” म्हणाले. मी चिडलो. चाचांनी सगळ्या पिंजून दिल्या.

परतूरच्या स्टेशनवर अर्धा बाजार आला होता. चाची फलाटावर खाली बसल्या आणि उठल्याच नाहीत. जमादार आणि एक तरुण शिपाई सोबत जाणार होते. जमादार मला म्हणाले, “जालन्यापर्यंत चला. मला एकट्याला जमनार न्हाई.” व्याह्यांना मी गाडीची वेळ कळवली होती. ते पोरीला जालन्याच्या स्टेशनवर आणतो म्हणाले होते.

दुपारची गाडी. चाचा खिडकीशी बसले. रांजणी मागे गेलं तेव्हा बाहेर बघत म्हणाले, “इकडं बी कापूसच हाय.” जमादारांनी तोंडावर रुमाल टाकला आणि झोपेचं सोंग घेतलं.

जालना आलं. रेहाना दिसली. व्याही तिच्या मागे उभे होते. चाचा डब्याच्या दारात आले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मग त्यांना दिसलं, आणि मलाही दिसलं, की तिच्या हातांत काही नव्हतं.

“ऊन लई हाय,” व्याही कुठेतरी तिसरीकडे बघत म्हणाले. “लहान जीव. म्हनून न्हाई आनलं.”

बरोबर पोलीस होते. पोलिसांच्या हातांत कागद होते. त्या कागदांच्या आसपास नातवाला आणायची व्याह्यांची हिंमत झाली नव्हती. जमादार फलाटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले.

रेहाना पदर छातीशी घट्ट आवळून उभी होती. पदर दुधानं ओला झाला होता. दोन्ही बाजूंनी ओला होऊन पोटापर्यंत आला होता, आणि ती तो सारखा मुठीत गोळा करत होती. चाचांनी ते पाहिलं. पुढे केलेले हात त्यांनी हळूच मागे घेतले.

“घरून कवा निघाली?”

“सकाळी, अब्बा.”

“मंग जा आता. भुका आसंल तो.”

“गाडी सुटू द्या.”

“गाडी सुटंल तिची ती. रडून राह्यला आसंल तिकडं. जा, जल्दी जा.”

ती हलेना. चाचांनी व्याह्यांना हात जोडले आणि म्हणाले, “न्या तिला.” मग ते वळून आत आले आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी बसले. मी खाली उतरलो. ती मागे बघत बघत चालत गेली. व्याही तिच्यामागून गेले, आणि फाटकातून बाहेर पडल्यावर ती दोघं दिसेनाशी झाली.

इंजिन पाणी घेत होतं. त्यानंतरही गाडी बराच वेळ जालन्याला उभी होती.